मैत्रिणीबरोबर व्हिएतनाम : हनोई ते होई आन

मार्चच्या सुरुवातीला आम्ही दोघी मैत्रिणी व्हिएतनामला जाऊन आलो. उत्तरेकडच्या हनोईहून निघायचे आणि निन्ह बिन्ह, ह्वे, दा नांग असे करत होई आनपर्यंत खाली उतरायचे, असा आराखडा होता. ई-व्हिसा, विमाने आणि मुक्काम यांत काही अडले नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही. लिहायचे आहे ते आम्हा दोघींविषयी. कॉलेजपासूनची मैत्री असूनही परक्या देशात एका खोलीत राहण्याची, एका पाकिटातून खर्च करण्याची आणि सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकींसोबत असण्याची वेळ आमच्यावर पूर्वी आली नव्हती. ती पहाटे पाचला उठणारी, शाकाहारी, दमदार चालणारी आणि एका जागी फार वेळ न रमणारी. मी उशिरा उठते, नवे काही दिसले की खाऊन पाहते, गुडघ्यांमुळे पायऱ्या टाळते आणि प्रत्येक शिलालेखापुढे थांबते.

हनोई : पहिला दिवस

या दिवसांत हनोईत पाऊस म्हणावा असा पाऊस नसतो, पण हवेत बारीक भुरभुर सतत असते. छत्री उघडावी तर ओझे वाटते आणि मिटावी तर अर्ध्या तासात केस ओले होतात. होआन किएम तळ्याभोवती एक फेरी मारून आम्ही जुन्या वस्तीत शिरलो. दुचाक्यांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडायची रीत तिथल्याच एका आजींनी हाताला धरून शिकवली. थांबायचे नाही, धावायचे नाही, एका संथ गतीने चालत राहायचे. तुमची गती ओळखून दुचाकीवालेच दोन्ही बाजूंनी वळसा घालून जातात.

दुपारी साहित्यमंदिर पाहिले. १०७० साली ली थान्ह तोंग या राजाने कन्फ्यूशियसच्या नावाने ते बांधले आणि १०७६ मध्ये तिथेच राजविद्यालय सुरू झाले. दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या केलेल्या ८२ शिळांवर १४४२ ते १७७९ या काळातील राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावे आणि गावे कोरलेली आहेत. परीक्षेचे महात्म्य इतक्या टिकाऊपणे नोंदवणारी जागा मी दुसरी पाहिलेली नाही. मी एकेका कासवापुढे रेंगाळत होते. मैत्रिणीचे सारे अंगण अर्ध्या तासात पाहून झाले होते आणि ती भुरभुरीत फाटकाशी उभी होती. "अगं, अजून किती?" असे तिने दुसऱ्यांदा विचारले तेव्हा मी उरलेल्या शिळा सोडून निघाले. त्यानंतरचे जेवण आम्ही जवळजवळ न बोलता केले.

संध्याकाळी एका अरुंद जिन्यावरच्या कॉफीघरात अंडे घातलेली कॉफी घेतली. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना हनोईतल्या एका बारमननेच अंड्याचे पिवळे बलक फेटून ती पहिल्यांदा केली, असे सांगतात. तिने साधी काळी कॉफी मागवली आणि विषयाला तिनेच हात घातला. "मी तुझ्यासाठी थांबते, तू माझ्यासाठी घाई करतेस, आणि शेवटी धड कुणाचंच बघून होत नाही," ती म्हणाली. तिचे म्हणणे अचूक होते. प्रत्येक गोष्ट अर्धी अर्धी वाटून घेतली की दोघींच्याही हाती अर्धवट काहीतरी उरते. मग आम्ही दोघींनी कागदावर लिहिले की या प्रवासात काय अजिबात सोडायचे नाही. तिच्या बाजूला आले लाँग बिएन पुलावरची पहाट, हाय वान खिंड दुचाकीवरून आणि होई आनमध्ये कपडे शिवून घेणे. माझ्या बाजूला ह्वेच्या राजसमाध्या, ‘मी सन’ या ठिकाणची मंदिरे आणि रस्त्याकडेचे खाणे. या यादीतल्या गोष्टीला दुसरीने कुरकुर न करता वेळ द्यायचा. यादीबाहेरचे सगळे मात्र सोडून देण्याजोगे.

यातूनच आणखी एक रिवाज पडला आणि तो शेवटपर्यंत उपयोगी ठरला. कोणत्याही मोठ्या ठिकाणी शिरतानाच भेटायची वेळ आणि जागा ठरवायची आणि आत आपापल्या गतीने पाहायचे. भेटायची जागा छताखाली आणि बसायची सोय असलेली हवी. दोघींकडे स्वतंत्र मोबाइल डेटाही हवा. एकीच्या फोनवरून दुसरीने इंटरनेट घ्यायचे ठरवले तर दोघी एकमेकींना बांधल्या जातात.

हनोई : पुलावरची पहाट आणि पैशांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी उठले, कारण पूल तिच्या यादीत होता. लाँग बिएन पूल १९०२ मध्ये फ्रेंच राजवटीत पुरा झाला आणि अमेरिकेशी झालेल्या युद्धात त्यावर वारंवार बाँब पडले. मधून रेल्वेचा एकच रूळ जातो, दोन्ही बाजूंना दुचाक्या, सायकली आणि पादचारी. व्हिएतनाममध्ये वाहने उजवीकडून चालतात, या पुलावर मात्र ती डावीकडून जातात, आणि त्या उलट्या प्रवाहाची आम्हाला दोन मिनिटे उमजच पडेना. खाली तांबड्या नदीच्या मळईत केळीची शेते धुक्यातून हळूहळू दिसू लागली. ती छायाचित्रे काढत होती आणि मला घाई नव्हती.

परतताना अननसवाली भेटली. फळ सोलून, डोळ्यांच्या तिरप्या खाचा सुरीने फिरवत काढून, काडीला लावून ती देत होती. तिने ३०,००० डोंग सांगितले. मैत्रीण २०,००० वर अडून बसली आणि बरीच घासाघीस करून तिने ते मिळवलेही. त्या बाईची बोटे पहाटेच्या गारठ्यात सुरकुतलेली मला दिसत होती आणि मला ते सहन झाले नाही. मैत्रिणीचे म्हणणे असे की घासाघीस हा तिथल्या बाजाराचाच रिवाज आहे आणि परक्याने पहिली किंमत मुकाट्याने मोजली की पुढच्या प्रत्येकाला तीच पडते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते आणि आम्ही एकमेकींना पटवू शकलो नाही. ठरले ते असे, की सामाईक पाकिटातून फक्त मुक्काम, प्रवास आणि प्रवेशतिकिटे जातील. बाजारातील खरेदी आणि खाणे ज्याचे त्याने करायचे, आणि एकीची घासाघीस चालू असताना दुसरीने पुढे चालत राहायचे. दोन मैत्रिणींच्या प्रवासात पैशाचा वाद बहुधा रकमेचा नसतोच, म्हणून तो रकमेवर चर्चा करून मिटतही नाही.

डोंगच्या नोटांबाबत एक सूचना. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर आहेत आणि संध्याकाळच्या उजेडात सहज गल्लत होते. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

निन्ह बिन्ह

हनोईच्या दक्षिणेला दोनेक तासांवर निन्ह बिन्ह आहे. तिथल्या ट्रांग आनच्या चुनखडी डोंगरांमधून, गुहांखालून वाहणाऱ्या पाण्यावर नाव वल्हवत नेतात. २०१४ मध्ये युनेस्कोने निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर या परिसराला जागतिक वारसा म्हटले. आमची नाव वल्हवणाऱ्या बाईंनी बुटक्या गुहेत शिरताना मागे वळून आमच्या दोघींची डोकी हातानेच खाली दाबली आणि बाहेर आल्यावर मोठ्याने हसल्या. तिथे आमच्यात मतभेदाला जागाच नव्हती. नावेत बसल्यावर दोघींची गती एकच असते.

दुपारी मुआ गुहेवरचा डोंगर चढायचा होता. सुमारे पाचशे पायऱ्या, त्याही ओल्या. ती चढली आणि मी पायथ्याच्या टपरीत लिंबाचा चहा घेत बसले. वरून आल्यावर तिने मला छायाचित्रे दाखवली आणि "तू यायला हवं होतंस" हे वाक्य तिने उच्चारले नाही, हे मला फार मोलाचे वाटले.

रात्रीची गाडी

हनोई ते ह्वे हे रेल्वेचे अंतर ६८८ किलोमीटर आहे आणि गाडी रात्रभर चालते. सहा बर्थचा स्वस्त डबा की चार बर्थचा महाग, यावर आधी थोडी ओढाताण झाली होती. चार बर्थचा घ्यायचा आणि वरचा फरक मी भरायचा, असे ठरले. हा फरक भरताना तो उपकार ठरू नये म्हणून आम्ही तो हिशेबाच्या वहीत "झोप" असा लिहून मोकळ्या झालो. समोरच्या बर्थवरील आजोबांनी सकाळी आम्हाला सोललेली पपनसाची फोड दिली. भाषा एकही समान नव्हती. तरी त्यांची नात ह्वेला शिकते एवढे आम्हाला समजले.

ह्वे : समाध्या, मंदिर आणि जेवण

१८०२ ते १९४५ या काळात राज्य केलेल्या न्गुएन घराण्याची राजधानी ह्वे होती. तेरा राजे या घराण्यात होऊन गेले. ‘तू डुक’ या राजाची समाधी पाईन वृक्षांत, कमळांच्या तळ्याकाठी आहे. राजा जिवंतपणीच तिथे राहायला जाई आणि मंडपात बसून कविता करी. खाई दिन्हची समाधी याच्या अगदी उलट, काळवंडलेल्या सिमेंटची, आतून चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांनी झगमगणारी. हा दिवस माझ्या यादीतला होता आणि मैत्रिणीने तो अक्षरशः मला देऊन टाकला. ती तळ्याकाठी वाचत बसली आणि ठरलेल्या वेळेला बरोबर ठरलेल्या बाकावर होती.

थिएन मू मंदिरात मात्र पारडे फिरले. १८४४ मध्ये बांधलेल्या सात मजली मनोऱ्याच्या मागे, आतल्या अंगणात एक जुनी निळी ऑस्टिन मोटार ठेवली आहे. ११ जून १९६३ रोजी भिक्षू थिच क्वांग डुक या मोटारीतून सायगॉन शहराच्या चौकात आले आणि बौद्धांवरील अन्यायाच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःला जाळून घेतले. कुठेही फार न रेंगाळणारी माझी मैत्रीण त्या मोटारीपुढे उभी राहिली ती हलेना. मला अजून एक समाधी गाठायची होती, बंद व्हायची वेळ जवळ येत होती. मी तिला हाक मारली नाही. ती समाधी पाहायची राहिली आणि राहू दिली.

जेवणाच्या बाबतीत ह्वेने आमची सुटका केली. हनोईत तिचे हाल झाले होते, कारण भाज्यांच्या साध्या सूपमध्येही माशाचा सॉस असतो आणि नुसते "मांस नको" म्हटल्याने तो टळत नाही. ह्वे हे बौद्ध मठांचे शहर आहे. "चाय" (म्हणजे शाकाहारी) अशी पाटी असलेल्या खानावळींत पूर्ण शाकाहारी जेवण मिळते, आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या तिथीला तर पुष्कळ लोक शाकाहारच करतात. आम्ही होतो तो दिवस पौर्णिमेचा होता. कच्च्या फणसाची तीळ घालून केलेली कोशिंबीर, कमळबियांचा भात आणि तांदळाच्या पापडात गुंडाळलेली अळंबी, असे जेवण आम्ही दोघींनी एका ताटात केले. संध्याकाळी ती खोलीवर गेली आणि मी नदीकाठी टपरीवर इवल्या शिंपल्यांचा तिखटजाळ भात खाल्ला. शाकाहारी सोबतीण असेल तर एक वेळचे जेवण एकत्र आणि एक स्वतंत्र, ही वाटणी फार सोयीची पडते. एकाच हॉटेलात दोघींचे समाधान शोधत तासभर भटकण्याने भूक आणि स्वभाव दोन्ही बिघडतात.

हाय वान खिंड

याच रात्री आमचे खरे भांडण झाले. ह्वे आणि दा नांग यांच्यामध्ये हाय वान खिंड आहे, सुमारे ५०० मीटर उंचीची, एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे समुद्र. मैत्रिणीला तिथे स्वतः स्कूटर चालवायची होती. अडचण परवान्याची होती. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मानतो, आणि भारतातून मिळतो तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो. तो तिथे चालत नाही. स्कूटर भाड्याने देणारे सहसा हे विचारत नाहीत, पण अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाला इजा झाली तर प्रकरण आणखी वाढते.

ती म्हणाली, "इतकी वर्षं गाडी चालवतेय मी. तुला भीती वाटते, म्हणून तू नियम पुढे करतेस." मला भीती वाटत होतीच. मी म्हटले, "तुला काही झालं तर परक्या गावात, परक्या भाषेत दवाखान्यात मीच उभी असणार आहे. मग याबद्दल बोलायचा हक्क मला नाही का?" त्यावर ती म्हणाली की यादी केली तेव्हा यात "पण" नव्हता. तेही खरे होते. दिवा मालवल्यावर आम्ही दोघी कितीतरी वेळ जाग्या होतो आणि बोललो नाही.

सकाळी आमच्या मुक्कामाच्या ठिकाणच्या तरुण व्यवस्थापिकेने, न विचारता, न्याहारी वाढताना तोडगा सांगितला. परवाना असलेले स्थानिक चालक प्रवाशाला मागे बसवून खिंडीतून दा नांगपर्यंत नेतात, वाटेत हवे तिथे थांबतात आणि सामानही बांधून घेतात. मैत्रिणीने थोडा वेळ चहाचा कप फिरवला आणि हो म्हटले. मी रेल्वेने जायचे ठरले. तिने हँडल सोडले आणि मी तिला डोळ्यांसमोर ठेवण्याचा हट्ट सोडला. या तडजोडीत तिच्याकडून अधिक सुटले, हे मी तेव्हाच मनाशी नोंदवले. लांग को खाडीपाशी आणि खिंडीच्या माथ्यावर पोहोचल्यावर निरोप पाठवायचा, एवढी अट तिने आपणहून घातली.

गाडी समुद्राच्या अगदी कडेने जाते. दक्षिणेकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी घ्यावी. ह्वेला ढग आणि गारवा होता. बोगद्यांमागून बोगदे गेले आणि दा नांगच्या बाजूला बाहेर पडलो तेव्हा लख्ख ऊन पडले होते. उत्तरेकडची थंड हवा ही डोंगररांग अडवते, म्हणून एका तासात ऋतू बदलल्यासारखा वाटतो.

लांग कोचा निरोप आला. माथ्याचा आला नाही. दा नांग स्थानकाच्या बाकावर मी दोन तास बसले आणि त्या वेळात मला दुसरे काही सुचले नाही. शेवटी ती आली तेव्हा तिचा डावा गाल उन्हाने लाल झाला होता आणि जाकीट धुक्याने ओले होते. माथ्यावर १८२६ मध्ये मिन्ह मांग राजाने बांधलेला दगडी दरवाजा आहे. तिथे इतके दाट धुके होते की दरवाजा चार पावलांवर येईपर्यंत दिसला नाही, आणि फोनला रेंजही नव्हती. धुके विरेपर्यंत ती तिथे चालकाबरोबर कॉफी पीत थांबली होती. "मागं बसल्यामुळे समुद्र मनसोक्त बघता आला," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण चालवायचं होतं ते राहिलंच." मी तिची समजूत काढायला गेले नाही.

होई आन आणि मी सन

होई आन हे जुने बंदर. जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांची घरे, पिवळ्या भिंती, नदीवर कंदिलांचा उजेड. जुन्या भागात शिरायला १,२०,००० डोंगचे तिकीट लागते आणि त्यात काही निवडक वास्तू पाहता येतात. इथले शिंपी एकदोन दिवसांत कपडे शिवून देतात, पण किमान दोनदा अंगावर घालून पाहावे लागतात. म्हणून कपडे शिवायचे असतील तर पोहोचल्याबरोबर माप द्यावे. मैत्रिणीच्या गडद हिरव्या कोटासाठी आमची एक दुपार गेली. शिंपीणबाई खांद्याच्या शिवणीत टाचण्या लावत, दोन पावले मागे सरकून बघत आणि पुन्हा टाचण्या काढत. कोपऱ्यावर ठेवलेला शुभ्र खडू, भिंतीवर रंगवार लावलेली रिळे आणि कोटाची बाही चौथ्यांदा उसवून लावतानाची त्या बाईंची शांतता हे सारे मी खुर्चीत बसून पाहिले. खिंडीनंतर ही दुपार तिची होती आणि ती तिला पुरेपूर मिळायला हवी होती.

मी सनला आम्ही पहाटे निघालो. इथे तिचे लवकर उठणे माझ्या कामी आले, कारण आठच्या पुढे ऊन चढते आणि बसगाड्यांची गर्दी होते. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या दरीत इथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकापर्यंत विटांची मंदिरे बांधली. राजा भद्रवर्मनने इथे शिवाची स्थापना केली आणि देवाला आपल्याच नावावरून भद्रेश्वर म्हटले. संस्कृत शिलालेख अजून उभे आहेत. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत सर्वांत उंच मंदिर कोसळले. त्याच्या विटांच्या ढिगाऱ्याशेजारी बाँबचे खड्डे गवताखाली स्पष्ट दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथल्या काही मंदिरांचे जतन केले आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातले अखंड वालुकाश्मातले शिवलिंग उघडे पडले.

मैत्रीण सकाळभर माझ्याबरोबर होती. भेटायची जागा ठरवलीच नाही. एका भिंतीवरील विटांची झीज मी निरखत असताना तिने मला विटांमध्ये चुना किंवा मातीचा थर कुठेच दिसत नाही हे दाखवले. मी अक्षरे वाचण्यात गुंतल्यामुळे ते माझ्या नजरेतून निसटले असते.

दा नांग विमानतळ

हिशेब विमानतळावर केला. सामाईक पाकिटात थोडे डोंग उरले होते, आणि ते बदलून घ्यायचे की खर्चायचे यावर पुन्हा दोन मते झाली. अर्ध्याची तिने कॉफीची पूड घेतली आणि अर्धे मी माझ्या वाट्याचे म्हणून बदलून घेतले. पुढच्या वेळी जिथे तिचा परवाना चालतो असाच देश निवडायचा, हे तिने तिथेच जाहीर केले आणि मी लगेच मान्य केले. न्यूझीलंडचे नाव पुढे आहे, कारण तिथे इंग्रजीतला भारतीय परवाना चालतो आणि वाहने डावीकडून चालतात. स्टिअरिंग तिच्याकडे आणि रोज कुठे किती वेळ थांबायचे ते माझ्याकडे, असा प्रस्ताव तिने मांडला आहे. मी त्यात अधूनमधून एखादी रात्र स्वतंत्र खोलीची, एवढी भर घातली आहे आणि तिचे उत्तर यायचे आहे.